कोकणच्या घामात फ्रीस्टाइल लिब्रे कितपत टिकतो?

ॲबट कंपनीचा फ्रीस्टाइल लिब्रे, म्हणजे दंडावर चिकटवायचा शुगरचा सेन्सर, आता कोकणातल्या मोठ्या मेडिकलमध्ये सांगून ठेवला तर मिळतो. ऑनलाइन मागवला तर कुरियरने घरीही येतो. एका सेन्सरला साधारण चार ते पाच हजार रुपये पडतात आणि तो १४ दिवस चालतो. वर्षभर सलग लावायचा म्हटले तर २६ सेन्सर, म्हणजे लाखाच्या वर खर्च. इतके पैसे घालायचे तर ही वस्तू आत काय करते आणि इथल्या हवेत कुठे अडते, हे आधी कळायला हवे.

हे परीक्षण पहिल्या पिढीच्या लिब्रेचे आहे, ज्यात फोन किंवा रीडर (कंपनीचे आकडा दाखवणारे छोटे यंत्र) दंडाजवळ नेऊन स्कॅन करावे लागते. नंतरच्या पिढ्यांत ब्लूटूथ आणि अलार्म आले, अचूकताही सुधारली, म्हणून विकत घेताना बॉक्सवर कोणती पिढी छापली आहे ते वाचूनच पैसे द्या.

आमचे मत आधीच सांगतो. यातले रसायनशास्त्र भक्कम आहे. कोकणात दगा देतात ते गोंद आणि सेन्सर घरी येईपर्यंत वाटेत लागणारी उष्णता. आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते सुटा आकडा बघून घाबरण्यात किंवा खूश होण्यात.

त्वचेखाली काय चालते

चकती ३५ मिलिमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर जाडीची. तिच्या तळातून अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असा लवचीक तंतू सुमारे ५ मिलिमीटर त्वचेखाली जातो. ॲप्लिकेटरची सुई तो तंतू आत सोडून लगेच बाहेर येते, त्यामुळे १४ दिवस अंगात सुई राहते हा समज चुकीचा आहे. तंतूवर तीन इलेक्ट्रोड असतात आणि त्यातल्या एकावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवलेले असते. ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीपासून मिळणारे हे एन्झाइम ग्लुकोजच्या रेणूतून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते. ते इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोचले की नॅनोअँपिअरमध्ये मोजावा लागेल इतका सूक्ष्म प्रवाह वाहतो. ग्लुकोज जास्त असेल तर प्रवाह जास्त. स्क्रीनवरचा आकडा या प्रवाहावरूनच काढलेला असतो.

एन्झाइम आणि इलेक्ट्रोड एकत्र आणून ग्लुकोज मोजण्याची कल्पना १९६२ साली लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी मांडली. त्या धर्तीवरच्या शरीरातल्या सेन्सरमध्ये एन्झाइम आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते आणि ते प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर साधारण ०.६ व्होल्टला मोजले जाते. यात दोन दुखणी आहेत. त्वचेखालच्या द्रवात ग्लुकोजच्या मानाने ऑक्सिजन फारच थोडा असतो, म्हणून वर खास पडदा लावून ग्लुकोजची आवक रोखावी लागते. नाहीतर शुगर वाढली तरी प्रवाह वाढत नाही. शिवाय ०.६ व्होल्टला पॅरासिटॅमॉलसारखी औषधेही इलेक्ट्रॉन सोडतात आणि शुगर नसताना शुगर दिसते.

लिब्रेमध्ये वाट वेगळी आहे. टेक्सास विद्यापीठातले ॲडम हेलर यांनी ऑस्मियमचे कण गुंफलेला पॉलिमर वापरून एन्झाइम थेट इलेक्ट्रोडला जोडले. हेलर यांची थेरासेन्स कंपनी १९९६ साली सुरू झाली, ॲबटने ती २००४ साली घेतली आणि २०१४ साली युरोपात लिब्रे बाजारात आला. इलेक्ट्रॉन ऑस्मियमच्या एका कणाकडून दुसऱ्याकडे सरकत जातात, ऑक्सिजनवर अवलंबून राहावे लागत नाही आणि विद्युतदाब ०.१ व्होल्टच्याही खाली ठेवता येतो. म्हणून पावसाळ्यात तापासाठी घेतलेली पॅरासिटॅमॉलची गोळी लिब्रेला गोंधळात टाकत नाही. ही मोठी जमेची बाजू आहे.

व्हिटॅमिन सी मात्र इतक्या कमी विद्युतदाबालाही इलेक्ट्रॉन सोडते. दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सीच्या गोळ्या पोटात गेल्या तर आकडा खोटा वर जाऊ शकतो. सर्दी झाली की चघळायची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेणारे घरोघरी आहेत. सेन्सर लावलेल्या पंधरवड्यात ती बंद ठेवा आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर ही गोष्ट अजिबात विसरू नये, कारण खोट्या वाढलेल्या आकड्यावर घेतलेला डोस खऱ्या शुगरवर पडतो.

उष्णता: बिघाड लावण्याआधीच होतो

लिब्रेला बोट टोचून कॅलिब्रेट करावे लागत नाही. किती ग्लुकोजला किती प्रवाह, हे गणित कारखान्यातच ठरवून दिलेले असते. सोय मोठी आहे, पण त्यात एक गृहीत आहे: कारखान्यातून निघाल्यावर एन्झाइम तसेच्या तसे राहिले पाहिजे. एन्झाइम हे प्रथिन आहे आणि फार तापले की त्याची घडी मोडते. मग त्याच ग्लुकोजला कमी प्रवाह मिळतो आणि सेन्सर १४ दिवस शांतपणे कमी आकडे दाखवत राहतो. अशा वेळी एरर येईलच असे नाही, म्हणून हा बिघाड जास्त धोक्याचा.

साठवणीचे तापमान बॉक्सवर छापलेले असते, साधारण ४ ते २५ अंश. एप्रिल-मेमध्ये देवगड-रत्नागिरीत घराच्या आतली सावलीसुद्धा याहून गरम असते आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद टेम्पोत पारा पन्नाशीला जातो. म्हणून मार्च ते जून या काळात कुरियरपेक्षा ज्या मेडिकलमध्ये इन्सुलिनसाठी फ्रिज आहे आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे, तिथून घेतलेला बरा. ‘सेन्सर कुठे ठेवता?’ असे विचारायला लाजू नका. काउंटरमागच्या काचेच्या कपाटातून, ऊन पडते तिथून, काढून दिलेला सेन्सर घेऊ नका. घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. लावण्याआधी न फोडता तासभर बाहेर ठेवा. थंड पाकीट दमट हवेत फोडले तर आत पाणी धरते.

अंगावर लावल्यावर सेन्सर १० ते ४५ अंशांपर्यंत काम करतो, तेव्हा आपल्या उन्हाळ्याने लगेच बंद पडत नाही. भर दुपारी बागेत आंबे उतरवताना उघड्या दंडावर ऊन बसले तर ‘सेन्सर फार गरम’ असा संदेश येऊ शकतो. सावलीत बसा, थोड्या वेळाने पुन्हा स्कॅन करा. त्यासाठी सेन्सर काढायचे कारण नाही.

लावताना

जागा दंडाच्या मागच्या बाजूची. वण, तीळ, सुरकुती टाळा आणि इन्सुलिन टोचण्याच्या जागेपासून किमान अडीच सेंटिमीटर दूर राहा. कोकणात इथे पहिला अडथळा खोबरेल तेलाचा. रोज अंगाला तेल लावणाऱ्यांच्या त्वचेत ते मुरलेले असते आणि एका आंघोळीने निघत नाही. आदल्या दिवसापासून दंडाला तेल, मॉइश्चरायझर, पावडर काही लावू नका. त्या दिवशी साध्या साबणाने जागा धुवा (क्रीमवाला साबण नको), कोरडी करा, बॉक्समधल्या अल्कोहोलच्या पुसणीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दमट हवेत वाळायला वेळ लागतो. पंख्याखाली दोन-तीन मिनिटे बसा; फुंकर मारू नका, तोंडाची वाफ पुन्हा ओल आणते. दंडावर केस दाट असतील तर आदल्या दिवशी काढा.

पाकीट आणि ॲप्लिकेटर या दोन्हींवरचा कोड एकच आहे का ते बघा. एका घरात दोघे सेन्सर वापरत असतील तर अदलाबदल होते आणि मग आकडे चुकतात. ॲप्लिकेटरवरची खूण पाकिटावरच्या खुणेला जुळवून, टेबलासारख्या कठीण पृष्ठभागावर ठेवून, थांबेपर्यंत खाली दाबा. गादीवर ठेवून दाबला की अर्धवट बसतो. मग दंडावर टेकवून ठाम दाबा, क्षणभर थांबा, सरळ ओढून घ्या. तिरका ओढला तर तंतू वाकतो. थेंबभर रक्त आले तर चालते. थांबतच नसेल तर तो सेन्सर काढा.

रीडर आणि फोन दोन्ही वापरायचे असतील तर सेन्सर आधी रीडरने सुरू करा आणि पहिल्या तासाच्या आत फोनने स्कॅन करा. उलट केले तर रीडर त्या सेन्सरला जोडला जात नाही. पहिला आकडा तासाभराने येतो.

आमची शिफारस संध्याकाळी लावण्याची आहे. तंतू आत गेल्यावर भोवतालच्या पेशी थोड्या दुखावलेल्या असतात आणि पहिले २४ तास आकडे बऱ्याचदा भरकटतात. ती रात्र मोजणीत धरू नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळनंतर, आकड्याशेजारचा बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर असताना, ग्लुकोमीटरशी ताडून बघा. अशी तीन वेळा तुलना करा. उपाशीपोटी एकदा, बाकीच्या जेवणाच्या आधी. फरक वीस टक्क्यांच्या आत असेल तर सेन्सर ठीक आहे. तिन्ही वेळा एकाच बाजूला त्याहून जास्त फरक असेल तर बॉक्सवरचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा. त्यासाठी १४ दिवस बॉक्स टाकू नका.

गोंद, घाम, समुद्र

कोकणात बहुतेक सेन्सर मुदतीआधी जातात ते गोंद सुटून. घाम पट्टीच्या कडेतून आत शिरतो, कड उचलली जाते, तिथे धूळ किंवा वाळू बसते आणि मग ब्लाउजच्या बाहीची किनार, एसटीच्या दाराचा दांडा, खांद्यावरची मोळी, कशालाही अडकून चकती निघते. बाहीची किनार नेमकी चकतीवर येत असेल तर सेन्सर दोन बोटे वर किंवा खाली घ्या; लावण्याआधी रोजचा ब्लाउज घालून जागा पेनने खुणावून ठेवणे सगळ्यात सोपे. जाळी ओढणाऱ्यांनी ज्या हातावर दोर घासतो तो हात टाळावा.

वरून पट्टी लावायची असेल तर पहिल्याच दिवशी लावा, कड सुटल्यावर नव्हे. चकतीच्या मधोमध बारीक छिद्र असते, ते उघडे राहिले पाहिजे. म्हणून मधे भोक पाडलेली पट्टी घ्या; साध्या चिकटपट्टीने सगळे झाकू नका.

पाण्याची मर्यादा एक मीटर खोली आणि ३० मिनिटे. आंघोळ, पावसात भिजणे, गुडघाभर समुद्र चालतो. विहिरीत उडी मारणे, तळ्यात बुडी मारणे, कालवे-तिसऱ्या काढायला तासन्‌तास खाडीत उभे राहणे यासाठी ही वस्तू बनलेली नाही. भिजल्यावर टॉवेलने घासू नका, टिपून घ्या.

गोंदाखाली खाज आणि पाण्याचे फोड येत असतील तर तो घामोळ्यांचा प्रकार समजून सोडून देऊ नका. लिब्रेच्या जुन्या सेन्सरमध्ये सापडलेल्या आयसोबोर्निल ॲक्रिलेट या रसायनाची काहींना ॲलर्जी असते, हे २०१७ साली त्वचारोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केले आहे. एकदा ती जडली की पुढच्या वेळी लवकर आणि जोरात उठते. सेन्सर काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

आकडा कसा वाचावा

सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो. रक्तातला बदल तिथे पोचायला पाच-दहा मिनिटे लागतात. शुगर स्थिर असेल तेव्हा हा फरक जाणवत नाही. वेगाने चढताना किंवा उतरताना बोटाचा आकडा आणि दंडाचा आकडा वेगळेच असणार. म्हणून आकड्याशेजारचा बाण महत्त्वाचा. आडवा बाण म्हणजे मिनिटाला एकाहून कमी बदल, तिरका म्हणजे एक ते दोन, उभा म्हणजे दोनाहून जास्त. शुगर ११० आणि बाण उभा खाली असेल तर अर्ध्या तासात ती ५० च्या आसपास पोचू शकते. आडव्या बाणाच्या ९० पेक्षा ती स्थिती धोक्याची आहे.

पहिल्या पिढीची सरासरी चूक ११.४ टक्के. २०० असताना आकडा वीस-पंचवीसने इकडेतिकडे असणे हा बिघाड नव्हे. ‘लॅबमध्ये १८२, यात २०१, म्हणजे मशीन खोटे’ ही तक्रार आम्ही ग्राह्य धरत नाही.

पहाटे तीनला अचानक ५५ आणि चारला पुन्हा ११०, काही न खाता, असे दिसले तर बहुधा झोपेत तो दंड अंगाखाली आला होता. दाबामुळे तिथला द्रवाचा प्रवाह कमी होतो आणि सेन्सरला ग्लुकोज मिळत नाही. दुसऱ्या कुशीवर झोपा आणि पुन्हा दिसते का बघा. या खोट्या उताराकडे पाहून कोणी रात्रीचे इन्सुलिन कमी करू नये. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी गेले असेल तेव्हाही सेन्सरवर विसंबू नका, बोट टोचा.

शुगर खरोखर ७० च्या खाली गेली, हात थरथरतात, घाम फुटला, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी बोटावर तपासा. सेन्सर मागे चालतो, त्यामुळे तो अजून कमीच दाखवत असतो आणि माणूस घाबरून साखर, केळे, बिस्किटे खात सुटतो. तासाभरात शुगर अडीचशेवर जाते. तेव्हा लिब्रे घेतला म्हणून ग्लुकोमीटर कपाटात टाकू नका. एक पट्टी २०-३० रुपयांच्या आसपास पडते, पंचवीस पट्ट्या घरात असू द्या.

पहिल्या पिढीला अलार्म नाही, हा या वस्तूचा सगळ्यात मोठा उणेपणा. झोपेत शुगर उतरली तर तो उठवत नाही. गावी एकट्या राहणाऱ्या, इन्सुलिनवर असलेल्या आणि शुगर उतरल्याचे कळतच नाही अशा वृद्धांसाठी आम्ही हा सुचवणार नाही. त्यांना अलार्मवाली पिढीच हवी.

नेटवर्क नसले तरी

सेन्सर दर मिनिटाला मोजतो आणि दर १५ मिनिटांची नोंद ठेवतो. चकतीत फक्त आठ तास मावतात. आठ तासांत एकदा स्कॅन केले नाही तर मधला आलेख पुसला जातो. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्याबरोबर स्कॅन करा, रात्र हातची जाणार नाही. स्कॅनला मोबाइलची रेंज लागत नाही, हे आतल्या वाड्यांसाठी चांगले. फोनमध्ये एनएफसी (फोन जवळ नेऊन माहिती वाचायची सोय) मात्र हवे. स्वस्त फोनमध्ये ते बऱ्याचदा नसते, विकत घेण्याआधी बघा.

वयस्करांना रीडर बरा. एकदा चार्ज केला की आठवडाभर पुरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वीज किती दिवस नव्हती ते आठवा. अशा वेळी फोन सगळ्यात आधी मरतो.

रेंज मिळाली की अहवाल लिब्रेव्ह्यू या कंपनीच्या ऑनलाइन सेवेतून डॉक्टरांना पाठवता येतो. तज्ज्ञ कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला असेल तर एक फेरी वाचते. अहवालात ७० ते १८० या पट्ट्यात किती वेळ गेला ते आधी बघा. बहुतेकांना ७० टक्क्यांहून जास्त, म्हणजे दिवसाचे जवळजवळ १७ तास, असे लक्ष्य असते आणि ७० च्या खाली चार टक्क्यांहून कमी. वृद्ध आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांना पट्ट्यात ५० टक्केही पुरे, पण ७० च्या खाली एक टक्क्याहून जास्त नको. अहवालातला सरासरीवरून काढलेला अंदाज आणि लॅबमधले एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) जुळत नसेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाची कमतरता असली की एचबीए१सी खोटे वर जाते.

कोणी, केव्हा घ्यावा

गोळ्यांवर असलेल्या, शुगर स्थिर असलेल्या माणसाने बारा महिने लावण्यात पैशांचा अपव्यय आहे. औषध बदलले, इन्सुलिन सुरू झाले, एचबीए१सी वाढले आणि कारण सापडत नाही, अशा वेळी एक सेन्सर लावा आणि १४ दिवस नीट वापरा. सकाळची पेज, आंबोळी, घावणे, दुपारचा उकड्या तांदळाचा भात आणि रात्रीचा सुरय (न उकडलेल्या) तांदळाचा, हे सगळे एकेक करून तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि भात वाटीने मोजून घ्या. जेवणाआधी, तासाने आणि दोन तासांनी स्कॅन करा. उकड्याचा चढ सौम्य असतो असे मानतात. तुमच्या अंगात किती सौम्य, ते आलेखावर दिसेल. हापूसची फोड जेवणावर खाल्ली आणि अकरा वाजता नुसती खाल्ली, यातला फरक या दोन आठवड्यांत जितका स्वच्छ दिसतो तितका लॅबच्या महिन्याच्या तपासणीत कधीच दिसत नाही. इन्सुलिनवर असलेल्या टाइप १ च्या मुलांची गोष्ट वेगळी: तिथे परवडत असेल तर सलग, आणि शक्यतो अलार्मवाला.

चौदाव्या दिवशी सेन्सर आपोआप बंद होतो. शरीर त्या तंतूला परका समजून त्याभोवती प्रथिने आणि पेशींचा थर चढवत असते, त्यामुळे मुदत वाढवायच्या क्लृप्त्या शोधू नका. काढताना कडेला खोबरेल तेल लावून पाच मिनिटे थांबा, गोंद मऊ होतो. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर. ॲप्लिकेटरमध्ये सुई असते, ती जाड प्लास्टिकच्या डब्यात घालून दवाखान्यात द्या. चकतीत बटणासारखी बॅटरी असते, म्हणून परसातल्या पालापाचोळ्याबरोबर ती जाळू नका, ई-कचऱ्यात द्या.